कलम कोणाचे? ज्ञान, मालकी आणि अमानत

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर जो पहिला ईशसंदेश अवतरला, त्यात अल्लाहने आपल्या दोन उपकारांची आठवण करून दिली आहे. त्याने माणसाला रक्ताच्या गुठळीपासून घडविले आणि लेखणीच्या योगे त्याला ते शिकविले, जे तो जाणत नव्हता. सूरह अलकच्या या आयतींमध्ये लेखणीसाठी ‘कलम’ हा शब्द आला आहे. हाच शब्द फार्सीच्या वाटेने मराठीत आला आणि आणखी दोन अर्थांनी रुळला. देवगड-मालवणच्या बागायतदाराला ‘कलम’ म्हटले की खुंटावर चांगल्या झाडाची काडी बांधून वाढविलेले आंब्याचे झाड आठवते. वकिलाला ‘कलम’ म्हटले की कायद्यातील एक तरतूद आठवते. लेखणी, झाड आणि कायदा या तिघांना एकत्र आणणारा एक प्रश्न आज आपल्यासमोर उभा आहे. माणसाच्या बुद्धीतून आणि श्रमातून जे नवे निर्माण होते, ते कोणाचे? त्याची नक्कल करणे पाप आहे काय? आणि ते इतरांपासून रोखून धरणे पुण्य आहे काय?

वाचकहो, हा प्रश्न केवळ मोठ्या कंपन्यांचा किंवा बेंगळुरू-पुण्याच्या संगणक अभियंत्यांचा आहे, असे समजू नका. आज जगात जमीन, यंत्रे आणि भांडवल यांच्याइतकीच किंमत शोध, रचना, नाव आणि माहिती यांना आली आहे. यालाच ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्था म्हणतात. ती आपल्या घरात केव्हाच शिरली आहे. मुलाच्या संगणकात जी प्रणाली चालते, आजारी आईसाठी जे औषध आणले जाते, मदरशात ज्या पुस्तकाच्या झेरॉक्स वाटल्या जातात आणि मे महिन्यात मुंबईच्या नातेवाइकांना आंब्याची जी पेटी पाठविली जाते, त्या प्रत्येकात हा प्रश्न आहे. म्हणून सुरुवात पेटीपासूनच करू या.

पेटीवरचे नाव

३ ऑक्टोबर २०१८ रोजी कोकणच्या हापूस आंब्याला भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील हापूसलाच ‘हापूस’ हे नाव लावण्याचा अधिकार या मानांकनाने दिला. कातळाची जमीन, समुद्राचा खारा वारा आणि पिढ्यान्‌पिढ्यांची राखण यांतून जो स्वाद आला, त्याला कायद्याने एक नाव बहाल केले. परंतु कायदा झाला म्हणून बाजार सुधारला, असे झाले नाही. परजिल्ह्यांतला, परराज्यांतला आंबा ‘देवगड’ असे छापलेल्या पेटीत भरून विकणे थांबले नाही. अखेर देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेला २०२५ च्या हंगामात प्रत्येक फळावर स्वतंत्र संकेतांक असलेले स्टिकर लावण्याचा मार्ग पत्करावा लागला. एका फळाला आपली ओळख पटवून देण्यासाठी ओळखपत्र बाळगावे लागावे, यातच आपल्या व्यवहाराची अवस्था दिसून येते.

पेटी बदलणारा व्यापारी म्हणेल, “आंबा गोड आहे, गिऱ्हाईक खूश आहे, मी कोणाच्या बागेतून चोरून आणलेला नाही. पैसे मोजून घेतला आहे. मग मी कोणाचे काय घेतले?” हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. त्याचे उत्तर आपल्याला पवित्र कुरआनात हजरत शुऐब (अ.) यांच्या वृत्तांतात मिळते. मदयनचे लोक व्यापारी होते. हजरत शुऐब (अ.) यांनी त्यांना माप आणि वजन पुरे भरण्यास सांगितले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. लोकांना त्यांच्या वस्तूंमध्ये घाटा देऊ नका, असेही त्यांनी बजावले. सूरह आअराफ, सूरह हूद आणि सूरह शुअरा या तिन्हींत ही ताकीद आली आहे. येथे ‘वस्तू’ हा शब्द व्यापक आहे. जे जे माणसाचे आहे, त्याचे मोल कमी करणे यात मोडते. बागायतदाराचे नाव ही त्याचीच वस्तू आहे. ते नाव दुसऱ्या मालावर लागले की त्या नावाचा भाव घसरतो आणि खऱ्या मालाकडेही लोक संशयाने पाहू लागतात. व्यापाऱ्याने आंबा विकत घेतला हे खरे, पण नाव विकत घेतले नव्हते.

येथे आणखी एका माणसाचा घाटा होतो, ज्याचा विचार आपण सहसा करीत नाही. ज्या दूरच्या शेतकऱ्याने तो आंबा पिकविला, त्याचेही नाव पुसले गेले. त्याचा आंबा स्वतःच्या नावाने कधी ओळखलाच जाणार नाही. एका खोट्या पेटीने दोघांचा हक्क मारला.

प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि आतले धान्य ओले लागले, तेव्हा त्यांनी विक्रेत्याला बजावले की, जो फसवतो तो आमच्यापैकी नव्हे. ही हदीस आपण सर्वजण ऐकत आलो आहोत. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेली आणखी एक हदीस मात्र कमी सांगितली जाते. जे आपल्याला लाभलेले नाही ते लाभल्याचा देखावा करणाऱ्याला प्रेषितांनी (स.) खोटेपणाची दोन वस्त्रे पांघरणाऱ्याची उपमा दिली आहे. उसन्या नावाने माल विकणारा, उसन्या पदवीने दवाखाना चालविणारा, दुसऱ्याचा लेख आपल्या नावाने छापणारा, हे सर्व हीच वस्त्रे पांघरून हिंडत असतात.

पण हापूस तरी आपला कुठे होता?

आता प्रश्नाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे, कारण न्याय एकाच बाजूने पाहून होत नाही. ज्या हापूसच्या नावासाठी आपण एवढे आग्रही आहोत, ते नावच मुळात परके आहे. पोर्तुगीज सरदार अफोंसो द अल्बुकर्क याच्या नावावरून ते आले, असे सांगितले जाते. चांगल्या आंब्याची कलमे बांधून जात टिकविण्याची पद्धतही गोव्यात पोर्तुगिजांच्या काळात बहरली आणि तेथून कोकणात पसरली. वेंगुर्ल्याच्या ज्या काजूचा आपल्याला अभिमान आहे, तो काजू सोळाव्या शतकात ब्राझीलहून समुद्रमार्गे या किनाऱ्यावर आला. जर त्या काळी प्रत्येकाने आपले ज्ञान आणि आपले रोप कुलूपबंद ठेवले असते, तर आज सिंधुदुर्गाच्या डोंगरउतारावर काय उरले असते?

पुढची गोष्टही तशीच आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात काढली, ती १९८१ मध्ये प्रसारित झाली. पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून अगदी पातळ कोयीची ‘सिंधू’ आली. हापूसला ग्रासणाऱ्या साक्यापासून मुक्त फळ मिळावे, ही या प्रयत्नांमागची धडपड होती. ‘वेंगुर्ला’ या नावाने क्रमांक घेऊन आलेल्या काजूच्या सुधारित जाती आज कोकणभर आणि कोकणाबाहेरही लावल्या जातात. या जाती काढणाऱ्या संशोधकांची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत? त्यांच्या श्रमाची फळे मात्र आपण सर्वजण खात आहोत.

खजुराच्या झाडांची हदीस येथे आठवते. मदीनेचे लोक नर झाडाचा मोहोर मादी झाडाला लावून फळधारणा करून घेत असत. याने काही लाभ होईल असे आपल्याला वाटत नाही, असे मत प्रेषितांनी (स.) व्यक्त केले. लोकांनी ते काम सोडले आणि फळ कमी आले. तेव्हा प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले की, ते केवळ आपले अनुमान होते आणि आपल्या सांसारिक कामांची माहिती तुम्हाला अधिक आहे. सहीह मुस्लिममधील या हदीसने प्रयोग, अनुभव आणि नवनिर्मिती यांचे दार उम्मतीसाठी सदैव उघडे ठेवले. जे ज्ञान अनुभवातून येते ते अनुभवानेच पारखले जाईल आणि माणूस त्यात भर घालीत जाईल.

भर घालीत जाईल, हेच महत्त्वाचे आहे. कोणीही शून्यातून काही निर्माण करीत नाही. शून्यातून निर्माण करणे हे केवळ अल्लाहचे काम आहे. माणूस खुंट घेतो, काडी घेतो आणि दोघांची गाठ घालून देतो. पुढे ते जीव धरते की नाही, हे त्याच्या हाती नसते. तुम्ही जे पेरता ते तुम्ही उगवता की आम्ही उगवितो, असा सवाल अल्लाहने सूरह वाकिअहमध्ये शेतकऱ्याला विचारला आहे. तो सवाल संशोधकालाही लागू आहे. आणि ज्याने या सवालाचे उत्तर विसरून मालकी सांगितली, त्याचा नमुना कारून हा आहे. त्याला संपत्तीबद्दल उपदेश केला गेला तेव्हा त्याने उत्तर दिले की, हे सारे मला माझ्याजवळील ज्ञानामुळे मिळाले आहे. सूरह कससमध्ये हा प्रसंग आहे. ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्थेचा सर्वांत जुना प्रवक्ता, असे त्याच्याबद्दल म्हणता येईल. त्याच्याजवळ ज्ञान होते, हे खोटे नव्हते. पण ज्ञान देणाऱ्याला आणि त्या ज्ञानात हक्क असणाऱ्या गरिबांना त्याने हिशेबातून वगळले. तो आपल्या घरासह जमिनीत गाडला गेला.

शरीअतच्या दृष्टीने ही मालमत्ता आहे काय?

अल्लाह हाच खरा मालक आहे, म्हणून माणसाची मालकीच नाही, असा निष्कर्ष कोणी काढू नये. जमीनही अल्लाहचीच आहे, तरी पडीक जमीन कष्टाने लागवडीस आणणाऱ्याचा त्यावर हक्क प्रेषितांनी (स.) मान्य केला. कल्पनेच्या पडीक रानात प्रथम नांगर चालविणाऱ्याचे काय, हा प्रश्न आपल्या फकीहांपुढे आधुनिक काळात आला आणि त्यावर मतभेद झाले.

ज्या उलेमांनी असा हक्क अमान्य केला, त्यांची बाजू समजून घेण्यासारखी आहे. ज्ञान लपविणाऱ्याला आखिरतमध्ये आगीचा लगाम घातला जाईल, असा इशारा हदीसमध्ये आहे. मग धार्मिक पुस्तकावर ‘सर्व हक्क राखीव’ असे कसे लिहावे? शिवाय, ज्याने पुस्तक विकत घेतले त्याने त्याची प्रत काढली तर मूळ मालकाजवळचे काय कमी झाले? एका दिव्यावर दुसरा दिवा लावला तर पहिल्याचा उजेड घटत नाही. हनफी फिकहच्या जुन्या ग्रंथांत ‘माल’ म्हणजे जी प्रत्यक्ष वस्तू साठवून ठेवता येते ती, अशी व्याख्या असल्याने केवळ अमूर्त हक्काची विक्री त्यांना पटत नव्हती.

शाफई फिकहमध्ये मात्र वस्तूच्या उपयोगालाही माल मानले गेले आहे, आणि आपल्या कोकणातील मुस्लिम समाज बहुतांशी शाफई आहे हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. घर विकले नाही तरी त्यात राहण्याचे भाडे घेता येते, कारण राहण्याच्या उपयोगाला स्वतःचे मोल आहे. पुस्तक, नाव आणि शोध यांचे मोल याच वाटेने समजून घेता येते.

डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतला झालेल्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने या वादावर विचार केला. निरनिराळ्या मस्लकांचे उलेमा त्यात होते. व्यापारी नाव, व्यापारचिन्ह, लेखन आणि शोध हे त्यांच्या धन्यांचे हक्क आहेत, आजच्या रूढीने त्यांना आर्थिक मोल आले आहे, शरीअत त्यांना मान्यता देते आणि त्यांवर आक्रमण करणे वैध नाही, असा निर्णय अकादमीने दिला. मात्र असा हक्क विकताना त्यात फसवणूक किंवा संदिग्धता असू नये, अशी अट घातली. रूढीने ज्याला मोल आले त्याला शरीअतही मोल देते, हे तत्त्व या निर्णयामागे आहे.

दिव्याच्या दाखल्याचे उत्तरही यातून निघते. उजेड घटत नाही हे खरे. पण दिवा लावणाऱ्याने तेल विकत आणले होते, रात्रभर जागरण केले होते. त्याचे तेल कोणी भरून देणार नसेल तर उद्याच्या अंधारात दिवा लावायला कोण पुढे येईल? मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, अशी शिकवण आहे. बुद्धीचा घाम डोळ्यांना दिसत नाही एवढेच. आणि लपविण्याबद्दलचा जो इशारा आहे, तो हदीसच्या भाष्यकारांनी प्रामुख्याने अशा ज्ञानाबद्दल घेतला आहे, ज्यावाचून माणसाचे दीन किंवा जीवन अडून राहते. मालवणी मसाल्याचे आपले प्रमाण कोणी सांगितले नाही, तर त्याने ज्ञान लपविल्याचे पाप केले असे होत नाही.

ज्ञान मोफत होते, बेवारस नव्हते

आपल्या परंपरेची एक गोष्ट येथे आवर्जून सांगितली पाहिजे. इस्लामच्या पहिल्या शतकांत ज्ञान वाटण्यात मुसलमानांइतके उदार कोणी नव्हते. मशिदीच्या खांबाला टेकून बसलेल्या उस्तादापुढे गरीब-श्रीमंत, अरब आणि अरबेतर एकत्र बसत. पण याच लोकांनी हदीससाठी सनदची शिस्त उभी केली. मी अमुककडून ऐकले, त्याने अमुककडून, असे करीत साखळी प्रेषितांपर्यंत (स.) पोहोचविल्याशिवाय एक वाक्यही स्वीकारले जात नसे. मधली एक कडी गाळणे हा ऐब मानला जाई. उस्तादाकडून इजाजत घेतल्याशिवाय शागीर्द त्याचे ग्रंथ शिकवीत नसे. म्हणजे ज्ञान मोफत होते, पण बेवारस नव्हते. देताना मूल्य मागितले जात नव्हते, पण घेताना नाव घ्यावे लागत होते.

आज आपण नेमके उलट करीत आहोत. मूल्य चुकविण्यासाठी ज्ञान सर्वांचे असल्याचे सांगतो आणि श्रेय घेताना ते आपल्या एकट्याचे करतो. सूरह आले-इम्रानमध्ये अल्लाहने अशा लोकांचा निषेध केला आहे, जे आपण न केलेल्या कामाबद्दल आपली प्रशंसा व्हावी अशी इच्छा धरतात. हाताखालच्या तरुणाने केलेला आराखडा साहेब स्वतःच्या नावाने पुढे पाठवितो, विद्यार्थी इंटरनेटवरचा निबंध उतरवून पारितोषिक घेतो, वक्ता दुसऱ्याचे भाषण जसेच्या तसे म्हणून दाखवितो, तेव्हा पैशांचा व्यवहार झालेला नसतो. तरीही अमानतीत खयानत झालेली असते.

मालकीला कोठे सीमा आहे?

हक्क आहे हे मान्य केले की लगेच त्या हक्काची हद्द आखावी लागते, नाही तर कारूनचाच मार्ग मोकळा होतो. येथे तीन उदाहरणे आपल्याला वाट दाखवितात.

पहिले हळदीचे. १९९५ मध्ये अमेरिकेत जखम बरी करण्यासाठी हळदीच्या वापरावर एकस्व, म्हणजे पेटंट देण्यात आले. कोकणातल्या कोणत्याही आजीला विचारा, बोट कापले तर ती हळदच दाबते. गोव्यातल्या माशेल गावी जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेने या एकस्वाला आव्हान दिले आणि जुन्या ग्रंथांतील ३२ पुरावे मांडले. त्यांत संस्कृत आणि हिंदीबरोबर उर्दूतील पुरावेही होते. १९९७ मध्ये ते एकस्व रद्द झाले. यातूनच पुढे पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभे राहिले. त्यात आयुर्वेद आणि सिद्ध यांच्याबरोबर आपल्या हकीमांच्या युनानी वैद्यकाचे अरबी, फार्सी आणि उर्दू ग्रंथही पाच आंतरराष्ट्रीय भाषांत उतरविले गेले, जेणेकरून एकस्व देणाऱ्या कार्यालयांना ते तपासता यावेत. हकीमांच्या दवाखान्यातील ज्या पिवळ्या पडलेल्या पोथ्या आपण रद्दीत टाकल्या, त्यांची किंमत या प्रसंगाने कळावी. पाणी, चारा आणि अग्नी यांत लोक भागीदार आहेत, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. जे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या सर्वांच्या विहिरीसारखे आहे, त्यावर कोणी एकट्याने झाकण घालू नये.

दुसरे उदाहरण औषधांचे. २००१ साली एड्सवरील तीन औषधांच्या एकत्रित उपचाराचा एका रुग्णाचा वर्षाचा खर्च १०,००० डॉलरच्या वर होता. आफ्रिकेतील लाखो रुग्णांना हे औषध म्हणजे दुसऱ्या जगातील गोष्ट होती. मुंबईच्या सिपला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी त्या वर्षी हाच उपचार गरीब देशांत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. भारताच्या १९७० च्या कायद्यात औषधाच्या पदार्थावर नव्हे, तर केवळ ते तयार करण्याच्या पद्धतीवर एकस्व मिळत असे, म्हणून हे शक्य झाले. २००५ पासून ती सवलत गेली, पण एक दार उघडे राहिले. २०१२ मध्ये कर्करोगाच्या एका औषधाचा महिन्याचा खर्च दोन लाख ८० हजार रुपये होता. सरकारच्या एकस्व नियंत्रकाने हैदराबादच्या एका कंपनीला ते ८,८०० रुपयांत विकण्याचा सक्तीचा परवाना दिला आणि मूळ कंपनीला विक्रीवर ठरावीक स्वामित्वधन देण्यास सांगितले.

हा निर्णय देणाऱ्यांनी फिकहचे ग्रंथ वाचले असतील-नसतील, पण तो दोन फिकही तत्त्वांवर तंतोतंत बसतो. एक, निकड ही निषिद्धालाही मुभा देते. दुसरे तत्त्व पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे आणि ते मजल्ला या उस्मानी कायदेसंहितेत नोंदलेले आहे. त्यानुसार निकडीमुळे दुसऱ्याचा हक्क नष्ट होत नाही. भुकेने मरणारा माणूस दुसऱ्याची भाकरी खाऊ शकतो, पण नंतर तिची किंमत त्याला द्यावी लागते. प्राण वाचला पाहिजे आणि शोधकर्त्याचा हक्कही बुडता कामा नये. जो केवळ पहिले तत्त्व सांगतो तो लुटीचे समर्थन करतो आणि जो केवळ दुसरे सांगतो तो रुग्णाला दाराबाहेर मरू देतो.

तिसरे उदाहरण पुन्हा आपल्या मातीतले. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, शेजाऱ्याला देण्याचा आणि विकण्याचाही हक्क ठेवला आहे. संरक्षित वाणाचे बियाणे ब्रँडच्या नावाने विकण्याची मात्र त्यालाही मनाई आहे. बी वाटा, नाव उसने घेऊ नका, हाच याचा अर्थ. आणि हापूसच्या मानांकनाकडे पाहाल तर १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्याने असा हक्क विकण्यास, गहाण ठेवण्यास वा दुसऱ्याच्या नावे करून देण्यास बंदी केली आहे. हे वाचताना वक्फची आठवण झाल्यावाचून राहत नाही. हजरत उमर (रजि.) यांना खैबरमध्ये जमीन मिळाली तेव्हा प्रेषितांच्या (स.) सल्ल्याने त्यांनी मूळ जमीन राखून तिचे उत्पन्न गरजूंसाठी मोकळे केले. ती विकली जाणार नव्हती, बक्षीस दिली जाणार नव्हती, वारशाने वाटली जाणार नव्हती. तिची देखभाल करणाऱ्याला रीतीप्रमाणे त्यातून खाण्याची मुभा होती, धन साठविण्याची नव्हती. ‘हापूस’ हे नाव असेच साऱ्या कोकणचे आहे. जो बागायतदार ते आज वापरतो, तो त्याचा मुतवल्ली आहे. कच्चा आंबा घातक रसायनाने पिकवून तो ते नाव बाजारात पाठवील, तर पेटी बदलणाऱ्या व्यापाऱ्याइतकाच तोही दोषी ठरेल.

आपल्या घरातला हिशेब

आता प्रत्येकाने आपल्या घराकडे वळावे. आपल्या संगणकात जी प्रणाली आहे, तिची किंमत आपण दिली आहे काय? देणे परवडत नसेल तर निर्मात्यांनीच लोकांसाठी मोफत खुल्या केलेल्या प्रणाली उपलब्ध आहेत. हलाल मार्ग असताना नकलेचा मार्ग निकडीचा ठरत नाही. संगणकात प्रणाली बसविताना आपण अटी मान्य असल्याचे बटण दाबतो. मुसलमान आपल्या अटींना बांधील असतात, ही हदीस तेथेही लागू आहे.

आपण धार्मिक पुस्तकाची प्रत मोबाइलवरून शंभर जणांना पाठवितो आणि तो सवाब समजतो. लेखक-प्रकाशकाने परवानगी दिली असेल तर तो सवाबच आहे. परवानगी नसेल तर विचारावे. बहुतेक वेळा ती मिळते. न विचारता वाटलेले पुस्तक म्हणजे दुसऱ्याच्या पैशातून केलेला सदका होय.

आपण रोपवाटिका चालवीत असाल तर चिठ्ठीवर जी जात लिहिली आहे तीच काडी खुंटावर बांधलेली असावी. येथील फसवणूक पाच-सहा वर्षांनी, झाड फळाला आल्यावर कळते. तोवर गिऱ्हाइकाची जमीन, पाणी आणि आयुष्याची काही वर्षे गेलेली असतात, आणि ती परत करणे कोणाच्याही हातात नसते.

आणि आपल्या मुला-मुलींपैकी कोणी काही नवे घडवीत असेल, मग ते यंत्र असो, औषध असो, मसाल्याचा घरगुती उद्योग असो की माशांच्या जाळ्यातली एखादी सुधारणा असो, त्यांना त्याची नोंद करण्यास, हक्क मागण्यास लाजवू नका. आपला समाज ज्ञान वापरणाऱ्यांच्या रांगेत फार काळ उभा राहिला. निर्माण करणाऱ्यांच्या रांगेत जाण्यासाठी हक्काची जाणीव लागते. पण त्याच बैठकीत त्यांना कारूनची गोष्टही सांगा. हक्काची मुदत संपते आणि माणसाचीही. माणूस मरण पावल्यावर ज्या तीन गोष्टींचे पुण्य चालू राहते, त्यांत लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान आहे. २० वर्षांनी एकस्व संपते. नंतर तो शोध साऱ्यांचा होतो. शोधकर्त्याची नियत शुद्ध असेल तर त्याचा खरा लाभ तेव्हापासून पुढेही चालू राहतो.

कलम बांधण्याच्या एका पद्धतीला कोकणात भेट कलम म्हणतात. त्यात कुंडीतले रोप मातृवृक्षाजवळ नेऊन फांदीशी बांधतात आणि दोन्ही एकजीव होईपर्यंत झाडाची फांदी कापीत नाहीत. नव्याने जुन्याकडून घ्यावे, पण घाईने तोडून नव्हे. जोडलेले राहून, नाव स्मरून घ्यावे. आणि जुन्याने नव्याला द्यावे, पण आपली मुळे विकून नव्हे. वर्तमान काळातील मालकी आणि उदारता यांचा मेळ याच रीतीने घालता येईल.

अल्लाह आपल्याला जे शिकवील त्याचा हक्क ओळखण्याची, दुसऱ्याच्या श्रमाचे मोल देण्याची आणि आपल्या ज्ञानात गरजूंचा वाटा ठेवण्याची सद्बुद्धी आपल्या सर्वांना देवो. आमीन.